तिसरी थप्पी

अठ्ठावीस वर्षं मी नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
नोटांचे ताव तपासले.
शाई पसरलेली, आकडा सरकलेला,
धागा जागेवर नसलेला,
बोटाला आधी कळायचं, डोळ्याला मागून.
चांगली इकडे, बाद तिकडे.
दोनच थप्प्या.

सुटताना गेटवर झडती.
कांचन रोज दोन्ही तळव्यांनी
खांद्यापासून कमरेपर्यंत चाचपायची,
बोलता बोलता, मेथीचा भाव विचारत.
तिच्या हाताला लागली नाही ती गाठ.
माझ्याही नाही.
आम्ही दोघी कागद शोधत होतो.

आता फरहीन समोर बसलीय.
मालेगावची, संशोधन करते, आवाज हळू.
कोऱ्या पानावर माझं घराणं काढते:
पुरुषाला चौकोन, बाईला गोल,
आजार असेल तो गोल काळा भरायचा.
आई?
भरा.
आईच्या बहिणी?
मथुरामावशी भरा. धाकटी देवीत गेली, चार वर्षांची.
वडिलांची आई? तिच्या नणंदा, तिच्या लेकी?
मला नावं येईनात.

म्हणून रामकुंडावर गेले.
उपाध्यांनी लाल बासनातून वही काढली
आणि तांबट आळीतले आमचे नऊ पिढ्यांचे पुरुष
एका दमात वाचले:
गणोजी बिन हरबा, हरबा बिन लखोजी,
कोण कधी आला, कोणाच्या अस्थी घेऊन,
खाली मोडीतली सही.
आणि बायका?
"येसू, लखोजीची भार्या." अशा तीन-चार.
बाकी वहीभर चौकोन.
आईच्या माहेरची वही दुसऱ्या घरी, तिथेही तेच.
कोण कशानं गेली हे कोणी विचारलं नव्हतं.
आमच्याकडे "तिला छातीला काहीतरी" म्हणत
आणि म्हणणारी स्वतःचा पदर ओढून घेई.

फरहीन म्हणाली, काकू, रक्तातही तपासनीस असतात.
पेशीन् पेशी उचलून बघतात,
आपली आहे की बिघडलेली.
त्यांना नजर देणारी जनुकं
माणसागणिक निराळी. निराळीच हवीत.
एका जातीची द्राक्षबाग
एका डावणीत जाते ना, तसं होईल नाहीतर.
तुमच्यात एका जागी एक अक्षर वेगळं आहे.

बाद का?
तोंडातून निघूनच गेलं.

नाही, ती म्हणाली.
प्लेगात तुमची कोणी पणजी
याच अक्षरामुळे वाचली असेल, कोण जाणे.
याच अक्षरामुळे इथे पहारा ढिला पडला असेल.
किंवा त्याचा ह्याच्याशी संबंधच नसेल.
हजारो बायकांचं रक्त शेजारी ठेवून बघावं लागतं.
तोवर आम्ही लिहितो: अर्थ अनिश्चित.

मी अहवाल उजेडाकडे धरला. सवय.
जलचिन्ह नव्हतं.

रजा संपून गेले त्या संध्याकाळी
कांचनचा हात डाव्या बाजूला आला, थबकला,
मग नेहमीच्याच जोरानं पुढे गेला.
मेथी वीस रुपये झालीय म्हणाली.
बाद नोटेच्या जागी आम्ही ताऱ्याची नोट लावतो.
लोक ती उलटसुलट करतात, खोटी तर नाही?
चालते.

शर्वरी फोनवर विचारते,
माझ्यात आलंय का ते अक्षर?
आलं असेल. नसेल.
आलं तर काय, आई?
मी उगाच कुकरच्या शिट्ट्या मोजत राहते.

परवा पुन्हा पंचवटीत गेले.
म्हटलं, आमच्या पानावर लिहून घ्या:
मथुरा, अनसूया, मी.
कशानं, तेही लिहा.
उपाध्ये चष्मा पुसत म्हणाले, बाई, इथे जागा कुठंय?
समासात लिहा म्हटलं.
त्यांनी लिहिलं, बारीक, आडवं,
आणि विचारलं, पुढे मुलीचं नाव घालू?
घाला, म्हटलं.
नुसतं नाव.